नाल्याला माणसांची नावं ठाऊक नसतात

गेल्या महिन्यात या सदरात पोलिओवर लिहिताना एक वाक्य ओघात लिहून गेले होते: सांडपाण्यात जसा विषाणू सापडतो, तसाच एखाद्या गावात अमली पदार्थ किती खपतात याचाही अंदाज त्याच पाण्यातून काढता येतो. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कोल्हापूरची. म्हणून बोअरच्या क्षारांचे आणि टाकीतल्या शेवाळाचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आणि आज ही चार पत्रं घेते. नावं कुणाचीच छापत नाही. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सत्तावीस वर्षं सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. या पाण्याला लोक नाक मुरडतात, माझं मात्र त्याच्याशी फार जवळचं नातं आहे.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. कोट्यवधी लिटर घाण पाण्यात कुणीतरी ओढलेली चिमूटभर पावडर कशी कळणार? आणि पोलिसांच्या भीतीनं कुणी अख्खी पुडीच संडासात ओतली तर? मुलांना सांगायचं तर आधी मला पटायला हवं. — एक शिक्षक, राजारामपुरी

सर, तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. त्याच्याकडे येते, पण आधी पहिला.

शोधतात ती पावडर नसतेच. शरीरानं ती पचवून लघवीवाटे जे बाहेर टाकलेलं असतं, ते शोधतात. कोकेन घेतलं की यकृत आणि रक्त मिळून त्याचं मोठ्या प्रमाणात बेंझॉइलएक्गोनिन करतात. हा पदार्थ माणसाच्या लघवीतून येतो आणि गटारातही बराच वेळ टिकतो, म्हणून तो खुणेचा. त्याचं प्रमाण मोजतात नॅनोग्रॅममध्ये. एका लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे किती? आपल्या कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. ते पूर्ण क्षमतेनं चाललं, तर तेरा दिवसांचं सगळं पाणी एका जागी साठवा आणि त्यात एक ग्रॅम साखर टाका. चहाच्या चमच्याचा पाव भाग. तेवढी साखर हुडकायची!

हुडकण्यासाठी आधी सॅम्पल नीट हवं. सकाळी सात ते दहा शहर आंघोळी करतं, दुपारी पाणी मंदावतं, रात्री तीनला इनलेटला, म्हणजे पाणी केंद्रात शिरतं तिथं, जेमतेम धार असते. एका वेळचं बादलीभर पाणी म्हणजे त्या घटकेपुरतं शहर. म्हणून चोवीस तास थोडं थोडं घेऊन, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळून एक सॅम्पल करतात. आमच्या काळी दोरी बांधलेली बादली होती आणि दर तासाला उठणारा माणूस होता. आता थंड पेटीतलं यंत्र हे काम करतं. मग ते पाणी गाळून बोटाएवढ्या नळीतल्या खास पावडरीतून हळूहळू सोडतात. हवे ते रेणू तिला चिकटतात, ते थोड्याशा मिथेनॉलनं धुऊन काढले की अर्ध्या लिटरातला माल एका थेंबात येतो. पुढं लिक्विड क्रोमॅटोग्राफी रेणू वेगळे करते आणि मास स्पेक्ट्रोमीटर ते वजनावरून ओळखतो, हे तुम्हाला सांगायला नको. एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा: सुरुवातीलाच सॅम्पलमध्ये त्याच रेणूचा ड्युटेरियमवाला (जड हायड्रोजन असलेला) जुळा मोजून टाकतात. वाटेत माल किती गळाला हे त्या जुळ्याच्या गळतीवरून कळतं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

आता गणित. हे आकडे कोल्हापूरचे नाहीत, रीत कळावी म्हणून घेतलेत. समजा, लिटरला १०० नॅनोग्रॅम सापडलं आणि दिवसाचा प्रवाह ७ कोटी लिटर. गुणाकार केला की ७ ग्रॅम. घेतलेल्या कोकेनचा ढोबळमानानं तिसरा हिस्साच या रूपात बाहेर पडतो आणि रेणूच्या वजनातही थोडा फरक असतो, म्हणून साडेतीननं गुणा: साधारण साडेचोवीस ग्रॅम. त्या गटारावर पाच लाख लोक असतील, तर हजार माणसांमागे दिवसाला ४९ मिलिग्रॅम. शहराशहरांची तुलना करायला हाच शेवटचा आकडा कामाचा.

यातला लोकसंख्येचा भाग दिसतो तितका सरळ नाही. नवरात्रात अंबाबाईला आणि चैत्रात जोतिबाला किती माणूस लोटतो ते तुम्ही पाहताच. शिरगणतीच्या आकड्यानं भागलं तर त्या आठवड्यात सगळ्याच गोष्टी वाढल्यासारख्या दिसतील. म्हणून पाण्यातच माणसं मोजतात: अमोनिया, तंबाखूतून येणारं कोटिनिन, अशा खुणा धरून. अमोनिया तर मी रोजच मोजत होते. यात्रेच्या दिवशी तो कसा उसळी मारतो ते रजिस्टरमध्ये दिसायचं.

आता पुडी ओतण्याचं. पुडीत मूळ पदार्थ असतो, शरीरातून गेल्याची खूण नसते. मूळ पदार्थ भरमसाट आणि खुणेचा पदार्थ जेमतेम, असं दिसलं की समजायचं, हे कुणी घेतलेलं नाही, ओतलेलं आहे. काही पदार्थांची तर उजवी-डावी अशी दोन रूपं असतात, आरशातल्या प्रतिमेसारखी. शरीर एका रूपाला लवकर पचवतं, दुसऱ्याला सावकाश, त्यामुळं लघवीत त्यांचं प्रमाण बिघडतं. कारखान्यातल्या मालात दोन्ही सारखी असतात. २०११ साली नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरात एमडीएमएचा, म्हणजे ‘एक्स्टसी’ गोळीतल्या पदार्थाचा, आकडा एकाएकी प्रचंड चढला होता. रूपं तपासली तर ती समसमान निघाली, आणि त्याच सुमाराला तिथल्या एका बेकायदा कारखान्यावर छापा पडलेला होता. म्हणजे शहरानं तो माल खाल्ला नव्हता, गटारानं गिळला होता.

गांजाच्या बाबतीत मात्र हे तंत्र कच्चं आहे. त्याचा अंश चरबीत मुरतो, बराचसा शौचावाटे जातो, लघवीत शेकडा एक भागही येत नाही आणि आलेलाही गाळाला चिकटतो. इतक्या छोट्या आकड्याला मोठ्या आकड्यानं गुणलं की चूकही तितकीच मोठी होते. खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि दवाखान्यातलं मॉर्फिन यांचंही तसंच. पाण्याला चिठ्ठीवरचं आणि चोरीचं यांतला फरक कळत नाही. औषधविक्रीची नोंद हाताशी घेऊन वजाबाकी करावी लागते.

ही कल्पना २००१ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या ख्रिश्चन डॉटन यांनी मांडली. २००५ मध्ये मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतल्या एत्तोरे झुक्काटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीच्या पो नदीवर ती करून पाहिली. नदीकाठच्या सुमारे पन्नास लाख वस्तीतून दिवसाला जवळपास चार किलो कोकेनएवढा अंश वाहत होता. शंभर मिलिग्रॅमचा एक डोस धरला तर रोज चाळीस हजार डोस. लोकांना विचारून केलेले अंदाज याच्या जवळपासही नव्हते. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशभराच्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत दारू १४.६ टक्के, भांग-गांजा २.८ टक्के, अफूवर्गीय पदार्थ २.१ टक्के, असे आकडे त्यात आले. काम मोठंच होतं. पण दारात कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘होय, मी घेतो’ असं किती जण सांगतील, सर? सांडपाण्याला लाज वाटत नाही. म्हणून मला दोन्ही हवीत. पाण्यावरून किती ते कळेल. कोण, कोणत्या वयाचे, कशापायी, हे माणसांशी बोलूनच कळेल.

मी शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकते. जयंती नाल्याच्या पाण्यावर असा प्रोजेक्ट करता येईल का? — एक विद्यार्थिनी

कर, पण नाल्यापासून सुरुवात करू नकोस. उघड्या नाल्यात ऊन आहे, पाऊस आहे, जनावरं धुतलेलं पाणी आहे, आणि जंतू वाटेतच रेणू कुरतडतात. वर प्रवाह किती हे कुणालाच धड सांगता येत नाही, आणि प्रवाहाशिवाय आपलं सगळं गणित लटकतं. प्रक्रिया केंद्राच्या इनलेटला मोजमापाची सोय असते. बावडा आणि दुधाळी, दोन्ही केंद्रांकडे रीतसर अर्ज कर. उपनगरांतल्या कितीतरी घरांना अजून सेप्टिक टँक आहेत. त्यांचं पाणी तिथवर पोचतच नाही, तेव्हा निष्कर्षात ‘कोल्हापूर शहर’ असं लिहू नकोस, ‘या गटारावरची वस्ती’ असं लिही. माझं तर स्पष्ट मत आहे की ज्या शहराची गटारं जोडलेली नाहीत, त्या शहराला स्वतःची नाडी अर्धीच लागते. ड्रेनेजच्या कामाकडे आपण फक्त खड्ड्यांचा त्रास म्हणून बघतो, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या वर्षी अमली पदार्थ घेऊच नकोस. त्यांची प्रमाण रसायनं (तुलनेसाठी लागणारे शुद्ध नमुने) बाळगायलाही एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवानगी लागते. कॅफिन आणि कोटिनिन घे. चहा आणि तंबाखू या दोन गोष्टींची आपल्या गावात वानवा नाही. हात बसेल, गणित बसेल. सॅम्पल घेतल्या घेतल्या बर्फात, मग उणे वीस अंशात. पावसाळ्यात, विशेषतः राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं, की सॅम्पल घ्यायला जाऊ नकोस. ते गटाराचं पाणी उरत नाही, नदीचं होतं. हातमोजे जाड घाल. धनुर्वाताचं आणि कावीळ-अ चं इंजेक्शन आधी घे. हे मी आईच्या अधिकारानं सांगतेय.

बाई, मी चाळीस वर्सं तालीम बघतोय. पोरं पहाटं येत्यात, मेहनत करत्यात. पण जिममधनं आलेली काही पोरं ताकदीचं म्हणून कसलं तरी इंजेक्शन टोचून घेत्यात. तुमच्या त्या पाण्याच्या तपासणीत ही इंजेक्शनं घावतील का? आणि घावली तर पोरं सुधरतील का? — एक वस्ताद, शिवाजी पेठ

वस्ताद, पत्र लिहिलंत याबद्दल तुमचे आभार. हे उघड लिहायला छाती लागते.

तुम्ही म्हणता ते बहुतेक मेफेंटरमाइन असावं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब एकदम उतरला, तर तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. धडधाकट पोरानं टोचून घेतलं की काळीज घोड्यासारखं धावतं आणि थकवा लागलेला कळत नाही. ताकद वाढत नाही, वस्ताद, थकव्याची घंटा तेवढी बंद होते. दमलेलं शरीर ‘बस’ म्हणत असतं आणि पोराला ते ऐकू येत नाही. मग झोप उडते, डोकं भणभणतं, संशय येऊ लागतो, काळजाचे ठोके चुकतात, आणि सवय लागते ती वेगळीच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीतही ते बंदी घातलेलं आहे. म्हणजे मोठ्या स्पर्धेत तपासणी झाली तर पोराची कुस्तीही गेली.

पाण्यात घावेल का? घावू शकतं. शरीर त्यातल्या काही भागाचं फेंटरमाइन करतं आणि दोन्ही लघवीतून येतात. पण यंत्राला ज्याची ओळख करून दिली असेल तेवढंच ते शोधतं. युरोपातल्या यादीत कोकेन, अँफेटामाइन, एमडीएमए असतं, कारण तिथं ते खपतं. आपली यादी आपण केली पाहिजे: मेफेड्रोन, ज्याला पोरं एमडी म्हणतात, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, आणि तुमचं हे इंजेक्शन. एमडी लांब मुंबईचं प्रकरण आहे असं कुणी समजू नये. २०२१ मध्ये आपल्याच चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी एमडी बनवण्याची जागा पकडली होती.

एक आठवण सांगते. मी जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात असताना तिथं एक वयस्क कर्मचारी होते. इनलेटच्या जाळीत अडकलेला कचरा दाताळ्यानं ओढून काढायचं त्यांचं काम. निर्माल्य, प्लॅस्टिक, चिंध्या, रोजचंच. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि बाजूला काढून ठेवलेल्या सुया दाखवल्या. ‘म्याडम, ह्या दवाखान्याच्या न्हाईत. दवाखान्याच्या गठ्ठ्यानं येत्यात. ह्या सुट्ट्या येत्यात, सोमवारच्या जास्ती.’ मी रजिस्टर उघडलं. पीएच, सीओडी, बीओडी, तरंगते कण, अमोनिया. सुयांसाठी रकाना नव्हता. मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं, आणि तेवढ्यावरच थांबले. त्यांना जाड हातमोजे मिळवून दिले, एवढंच काय ते समाधान. पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं, की युरोपातल्या शहरांत कोकेनचा आणि एमडीएमएचा आकडा शुक्रवार ते सोमवार चढतो, आणि मला ती पेन्सिलीची ओळ आठवली. त्या माणसाला यंत्राशिवाय आठवड्याचा चढउतार दिसला होता. मी तेव्हा वरच्यांना पत्र लिहायला हवं होतं.

आणि पोरं सुधरतील का? तपासणीनं नाही. तिनं एवढंच कळेल की या पेठांच्या गटारात हे आहे की नाही, आणि आपण काही केलं तर ते कमी होतंय का. हे दुसरं फार मोलाचं आहे. औषधांच्या दुकानांची तपासणी झाली, तालमीतालमींत डॉक्टर येऊन बोलले, तर सहा महिन्यांनी आकडा उतरला का ते बघता येतं. नाहीतर मोहिमेचे फोटो छापून येतात आणि विषय संपतो. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सरकार देशभर अशी मोजणी करतं आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवतं. युरोपात २०११ साली एकोणीस शहरांपासून सुरुवात झाली होती. मोजणारी माणसं आणि यंत्रं आपल्याकडेही आहेत. मुंबईत २००१ पासून गटारातला पोलिओ शोधत होते, कोविडमध्ये पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळांनी सांडपाणी तपासलं. कोल्हापूरच्या महापालिकेनं वर्षातून चार आठवडे जरी हे करवून घेतलं, तरी दिशा कळेल.

तोवर पहाटे पाचला तुमच्यासमोर लंगोट लावून जे पोरगं उभं राहतं, त्याची नाडी तुमच्या हातात आहे, वस्ताद. व्यायामाच्या आधीच ठोके शंभराच्या वर लागले, तर त्याला आखाड्यात उतरवू नका. जवळ बसवा, विचारा, आणि डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा.

आम्ही बावड्यात राहतो. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. चार महिने झाले, रात्रभर जागा असतो, वजन उतरलंय, पैसे मागतो, नाही दिले तर भांडतो. यांना सांगितलं तर घरात आग लागेल. तुम्ही लिहिलंत की गटाराच्या पाण्यातून कळतं. आमच्या घरामागच्या चेंबरचं पाणी बाटलीत भरून पाठवलं तर तुम्ही तपासून द्याल का? आणि अशी तपासणी सरकारनं केली तर पोलीस घरी येतील का? — एक आई

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी पोलिसांचं. केंद्रावर येणाऱ्या पाण्यात लाखो माणसांचं पाणी एकत्र झालेलं असतं. त्यात तुम्ही आहात, मंदिरातले भाविक आहेत, पोलीस लाइनमधली कुटुंबंही आहेत. त्यातून एका घराकडे उलटं चालत जायला वाट नाही. कारखान्याची गोष्ट निराळी. चीनमधल्या चोंगशान शहरात सांडपाण्याच्या मदतीनं पोलीस एका उत्पादकापर्यंत पोचल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण कारखाना किलोंनी सांडतो. घेणाऱ्याच्या लघवीत येतो तो अंश हजारो घरांच्या पाण्यात विरून जातो. या क्षेत्रातले संशोधक छोटी वस्ती, एखादं हॉस्टेल, तुरुंग अशा ठिकाणी फार जपून वागतात, कारण तिथं आकड्यामागचे चेहरे ओळखू येऊ लागतात. ही तपासणी एका घरावर वापरायची नसते. कोल्हापुरात ती सुरू झाली आणि कुणी ती गल्लीगल्लीवर शिक्के मारायला वापरू लागलं, तर त्याविरुद्ध पहिलं पत्र मी लिहीन.

म्हणूनच तुमच्या चेंबरची बाटली मला नको. यंत्र माझ्यापाशी नाही, पण खरं कारण ते नाही. त्या बाटलीत तुम्हा सगळ्यांचं पाणी असेल. काही सापडलं तरी काय घेतलं, किती दिवस, का, हे कळणार नाही, आणि आईनं गटारातून आपली तपासणी केली हे त्याला कळलं तर तो उरलंसुरलं बोलायचाही थांबेल. दुकानातली लघवीची पट्टीही चोरून लावू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा ती खोटा दोष दाखवते, आणि एमडी तर साध्या पट्टीवर बऱ्याचदा दिसतच नाही.

तुम्ही लिहिलेल्या खुणा गंभीर आहेत, पण त्या फक्त नशेच्याच असतात असंही नाही. थायरॉइड असू शकतं, मनाचा आजार असू शकतो, कर्जात किंवा जुगारात अडकलेला असू शकतो. हे डॉक्टरच वेगळं करतील. रात्री भांडण पेटलेलं असताना विषय काढू नका. दुपारी, त्याचं पोट भरलेलं असताना, ‘तू काय घेतोस’ असं नको, ‘तुला झोप का येत नाही रे’ असं विचारा. छातीत धडधड, झटके, भलतंसलतं दिसणं, जिवाचं काही करण्याची भाषा, यातलं काही झालं तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा.

व्यसनमुक्तीसाठी सरकारची फोनसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे, मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. कायद्याची भीती वाटत असेल तर हेही ठाऊक असू द्या: १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस थोड्या प्रमाणात बाळगल्याच्या किंवा घेतल्याच्या गुन्ह्यात अडकला असेल, आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धे टाकले तर ते संरक्षण जातं.

सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मुलगा पहिल्या वेळी येणार नाही, धरून चाला. तुम्ही एकट्या जा, केसपेपर स्वतःच्या नावावर काढा, आणि मला जे चार ओळींत लिहिलंत तेच डॉक्टरांना सांगा. झोप तुमचीही गेली असणार, तेही सांगा. जाताना गेल्या चार महिन्यांत काय काय बदललं, कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहून न्या. तिथं गर्दीत उभं राहिल्यावर निम्मं आठवत नाही.